टार्स्कीज वर्ल्ड: वाक्य खरं कशामुळे ठरतं, ते पटावर दाखवणारं सॉफ्टवेअर

तर्कशास्त्रातली ∀ (‘प्रत्येक’) आणि ∃ (‘एक तरी’) ही चिन्हं पटकन पाठ होतात. वाक्य खरं ठरतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मात्र धूसर राहतं. जॉन बारवाइज आणि जॉन एचमेंडी यांचं हे सॉफ्टवेअर तिथेच कामाला येतं.

८ × ८ घरांचा पट. त्यावर चतुष्फलक, घन, द्वादशफलक. लहान, मध्यम, मोठे. शेजारी सूत्रभाषेत वाक्य लिहून तपासायचं. रचना बरोबर आहे का, ते वाक्य आहे का, खरं आहे का, ही उत्तरं वेगवेगळी मिळतात. एखादं चल (x सारखं अक्षर) ∀ किंवा ∃ शी न जोडता मोकळं राहिलं तर रचना बरोबर असूनही ते वाक्य होत नाही, मग खऱ्याखोट्याचा प्रश्नच येत नाही.

नेहमीची चूक ∃ सोबत बाण (→, ‘जर-तर’) लावण्याची. ‘एक तरी घन लहान आहे’ असं म्हणायला ∃ नंतर ‘घन → लहान’ लिहा आणि पटावर फक्त एक मोठा चतुष्फलक ठेवा. वाक्य खरं निघतं! घन नसलेला ठोकळा ती अट आपोआप पुरी करतो. तिथे ∧ (‘आणि’) हवं.

यातला खेळ तर अप्रतिम आहे: वाक्य खरं की खोटं ते तुम्ही सांगायचं, प्रोग्राम विरुद्ध बाजू घेतो. ∃ चं वाक्य खरं म्हणालात तर ठोकळा तुम्ही दाखवायचा; ∀ चं म्हणालात तर उलटं उदाहरण प्रोग्राम शोधतो. अंदाज चुकीचा असेल तर हार नक्की, आणि चूक कुठल्या पायरीवर होती तेही दिसतं.

दोन मोठे ठोकळे लगतच्या घरांत मावत नाहीत. म्हणून ‘दोन मोठे ठोकळे शेजारी नसतात’ हे प्रत्येक पटावर खरं, पण तर्कामुळे नव्हे, पटाच्या घडणीमुळे. हा फरक इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

मर्यादा अस्तित्वाच्या बाजूला आहे. एका ठोकळ्याला दोन नावं चालतात; कुठल्याच ठोकळ्याला न दिलेलं नाव वापरलं तर वाक्याचं मूल्यमापन होत नाही. त्यामुळे ‘अमुक अस्तित्वातच नाही’ हे नाव घेऊन खरेपणाने म्हणताच येत नाही. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची १९०५ ची वाट मात्र चालते: ‘तो एकमेव घन लहान आहे’ म्हणायचं असेल तर ‘घन आहे, दुसरा नाही, आणि तो लहान आहे’ असं ∃, ∀ आणि = वापरून लिहा. घन शून्य असोत वा दोन, वाक्य सरळ खोटं ठरतं. ‘खरं’ हे विधेय (‘लहान’, ‘घन’ यांसारखा गुण सांगणारा शब्द) या भाषेत नाहीच, त्यामुळे ‘हे वाक्य खोटं आहे’ हा पेच इथे मांडता येत नाही.

त्रिमितीय दृश्यात लहान ठोकळा मोठ्यामागे लपतो. उत्तर विचित्र वाटलं तर आधी वरून दिसणारं द्विमितीय दृश्य उघडा.