डाल्मेशिया की लिशिया? बंदरगावं पाहत शिडाच्या बोटीने फिरायचं असेल तर

आठवडाभराची सुट्टी, शिडाची बोट आणि वाटेत जुनी बंदरं, एवढं ठरलं की भूमध्य समुद्रातले दोन किनारे हमखास समोर येतात. एक क्रोएशियाचा डाल्मेशिया आणि दुसरा तुर्कस्तानच्या नैऋत्येचा लिशिया. दोन्हीकडे पाणी नितळ, भरती-ओहोटी नावापुरती आणि भाड्याच्या बोटी भरपूर. माहितीपत्रकातले फोटोही जवळपास सारखेच असल्यामुळे तिथे काही निवड होत नाही. माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर करावी: डाल्मेशियातली जुनी बंदरं आजही नांदती आहेत, लिशियातली बरीचशी गाळात किंवा पाण्याखाली गेली आहेत. यातलं तुम्हाला काय पाहायचं आहे?

हा फरक मुळात भूगोलाने केला. डाल्मेशिया म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगा. त्यांचे माथे बेटं होऊन किनाऱ्याला समांतर उभे आहेत. जमीन चुनखडीची, पाऊस तिच्यात मुरून जातो. नेरेत्वासारखी एखादी नदी सोडली तर बंदर बुजवेल इतका गाळ येत नाही. लिशियात उलट घडलं. झांथोस नदीच्या गाळाने पाताराचं बंदर भरून टाकलं. लिशियन संघाची, म्हणजे लिशियातल्या प्राचीन शहरांच्या युतीची, सभा जिथे भरायची ते सभागृह आणि शेजारचं नाट्यगृह आज वाळूच्या लांबच लांब किनाऱ्यामागे उभं आहे. पुढे केकोवा बेटाजवळ भूकंपांनी किनाराच खचला.

डाल्मेशियात धक्क्यावर उतरलं की पुढचं पाऊल थेट गावात पडतं. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा आहे. तो इ.स. 305 च्या सुमारास पुरा झाला आणि त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात. त्रोगिर तर आख्खं गावच एका चिमुकल्या बेटावर आहे. तिथल्या कॅथेड्रलचं कोरीव प्रवेशद्वार राडोवान नावाच्या शिल्पकाराने 1240 मध्ये घडवलं. ह्वार बेटावरच्या स्तारी ग्रादमध्ये ग्रीक लोक इ.स.पू. 384 मध्ये येऊन वसले. त्यांनी शेतांची जी आखणी केली तिचे दगडी बांध अजून टिकून आहेत. कोर्चुलाच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या मधल्या रस्त्याला फुटतात, त्यामुळे उन्हाळ्यातली झुळूक घरांपर्यंत पोचते आणि हिवाळ्यातल्या बोचऱ्या वाऱ्याला सरळ वाट मिळत नाही. समुद्रावर आठवडाभर वाऱ्याचाच हिशेब करणाऱ्या माणसाला ही नगररचना विशेष भावते.

ही गावं इतक्या जवळजवळ का, हेही समजून घेण्यासारखं आहे. व्हेनिसच्या वल्ह्यांच्या जहाजांवर माणसं फार आणि पिण्याच्या पाण्याला जागा थोडी. दर थोड्या अंतरावर पाणी आणि आसरा मिळणं ही त्यांची गरज होती. म्हणून पंधराव्या शतकापासून 1797 पर्यंत व्हेनिसने हा किनारा बंदरांच्या साखळीसारखा सांभाळला. आजच्या लहान बोटीला ती अंतरं नेमकी सोयीची पडतात. सकाळी निघावं, दुपारी एखाद्या खाडीत पोहावं, संध्याकाळी पुढचं गाव. लिशियाच्या उघड्या किनाऱ्यावर असं जमत नाही.

दुब्रोवनिक मात्र आठवड्याच्या फेरीत कोंबू नका. या छोट्या प्रजासत्ताकाने 1377 मध्ये बाहेरून येणाऱ्यांना विलगीकरणात ठेवण्याचा कायदा केला आणि 1808 पर्यंत आपलं स्वतंत्र कामकाज टिकवलं. शहर निवांत पाहण्याच्याच योग्यतेचं आहे. पण स्प्लिटहून जाऊन परत यायचं तर सगळा वेळ अंतर कापण्यातच जातो. शिवाय मरिना, म्हणजे बोटी लावायचा धक्का, शहरापासून दूर, कोमोलाकच्या खाडीत आत आहे. तटबंदीखाली रात्र काढण्याचं स्वप्न तिथे पुरं होत नाही. दोन आठवडे असतील किंवा बोट एका बंदरात घेऊन दुसऱ्यात सोडता येत असेल तरच तो बेत आखा. एका आठवड्यात स्प्लिट, त्रोगिर, विस, ह्वार, स्तारी ग्राद आणि परत स्प्लिट एवढं पुरे. यातलं विस बेट चुकवू नये. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे लष्करी तळ होता आणि 1989 पर्यंत परदेशी पर्यटकांना बंदी होती, म्हणून गावाचं जुनं रूप बरंचसं शाबूत राहिलं.

लिशियात मुक्काम गावात कमी आणि खाडीत जास्त. नांगर टाकायचा, बोट मागे घ्यायची आणि मागचा दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधायचा. हे काम दोन माणसांना सराईतपणे जमायला हवं. त्याच्या बदल्यात जे मिळतं ते डाल्मेशियात कुठेच नाही. केकोवात अर्धवट बुडालेल्या भिंती आणि खडकात कोरलेल्या पायऱ्या बोटीवरूनच दिसतात. बुडालेल्या अवशेषांपाशी पोहायला मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. समोरच्या कालेकोयला, म्हणजे प्राचीन सिमेनाला, मोटाररस्ता जात नाही. तिथे बोटीने जायचं किंवा पायी. गावाच्या डोक्यावर किल्ला, किल्ल्याच्या आत खडकात कोरलेलं छोटंसं नाट्यगृह आणि खाली उथळ पाण्यात उभी असलेली दगडी शवपेटी. फेथिये आणि काश ही मात्र नांदती गावं आहेत. फेथियेच्या कड्यात इ.स.पू. चौथ्या शतकातलं अमिंतासचं थडगं मंदिराच्या दर्शनी भागासारखं कोरलेलं आहे.

काशजवळच्या उलुबुरुन टोकाशी इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस एक व्यापारी जहाज बुडालं. 1982 मध्ये समुद्रातले स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला ते सापडलं. त्यात सुमारे 10 टन तांबं आणि 1 टन कथील होतं, शिवाय निळ्या काचेचे गोळे, हस्तिदंत आणि सोनंही. हा सगळा माल आता बोद्रुमच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. बोद्रुम या फेरीत बसत नाही, पण त्यासाठी एक दिवस वेगळा ठेवून रस्त्याने जाच. ज्या पाण्यातून तुम्ही नुकते आलात त्याच पाण्यातला हा व्यापार आहे.

वाऱ्याच्या बाबतीत नवख्यांना डाल्मेशिया जास्त सांभाळून घेतो. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून मायेस्त्राल नावाचा वारा सुटतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो; बेटांच्या आडोशाला लाटा फारशा उठत नाहीत. भीती बुराची. हा थंड वारा डोंगरावरून एकदम खाली कोसळतो, आणि तो येण्याआधी माथ्यावर ढगांची टोपी दिसते. आग्नेयेचा युगो दोन-तीन दिवस हळूहळू वाढतो, म्हणून त्याच्या आधी सुरक्षित बंदर गाठायला वेळ मिळतो. लिशियात गोजेकचा आखात शांत आहे, पण काशकडे जाताना येदी बुरुनलार, म्हणजे सात टोकांचा पट्टा, उघड्या समुद्रावर आहे. जाताना वारा पाठीशी असतो. परतताना तोच समोरून येतो आणि लाट तोंडावर घ्यावी लागते.

स्वतः बोट चालवायची तर दोन्ही देशांत स्किपरचं प्रमाणपत्र लागतं, क्रोएशियात रेडिओचंही. ज्यांच्याकडे ते नाही किंवा ज्यांच्यासोबत वयस्कर मंडळी आहेत, त्यांनी मी तरी लिशियातलं गुलेत घ्यावं असंच सांगेन. ही रुंद लाकडी बोट खलाशांसकट मिळते. ती बहुतेक वेळ इंजिनावरच चालते, त्यामुळे शिडं ओढण्याची हौस तिच्यावर भागणार नाही. पण प्रवास हलका होतो.

पहिल्यांदा स्वतः सुकाणू धरणाऱ्याने डाल्मेशियाच घ्यावा, आणि जुलै-ऑगस्ट टाळून जून किंवा सप्टेंबर. भर हंगामात ह्वारच्या धक्क्यावर दुपारनंतर जागा मिळणं कठीण असतं. हाताशी सराव असेल आणि ओस पडलेल्या बंदरांची ओढ असेल तर गोजेक ते केकोवा. मात्र परतीसाठी एक दिवस जास्तीचा ठेवा आणि सात टोकांचा पट्टा पहाटे, वारा उठायच्या आत पार करा.