इग्नेशियस स्टडी बायबल: घ्यायच्या आधी खालच्या टिपा वाचा

झालं काय, आमच्या पॅरिशच्या बायबल ग्रुपमध्ये एका पोराने मत्तय १:२५ काढलं आणि सरळ विचारलं, "मुलगा होईपर्यंत" योसेफाने मरियेला जाणलं नाही (म्हणजे शरीरसंबंध ठेवला नाही), मग त्यानंतर काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले कारण ग्रुप मी चालवतो, आणि माझ्या हातातल्या बायबलात त्या वचनाखाली एक ओळ टीप नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणून वेळ मारून नेली. तेव्हाच ठरवलं, आता स्टडी बायबल घ्यायचंच.

ऑनलाइन नुसतं स्टडी बायबल टाकलं की ढिगाने ६६ पुस्तकांची प्रोटेस्टंट बायबलं येतात, त्यात तोबित नाही मक्काबी नाही, दिसायला मात्र एकदम भारी. आपल्याला कॅथलिक, ७३ वालं पाहिजे आणि आत इम्प्रिमातूर, म्हणजे छापायला बिशपची परवानगी, पाहिजे. पण इम्प्रिमातूर बघून थांबू नका, कारण टिपांचा स्वभाव त्यावरून कळत नाही. मी तेच १:२५ घेऊन बसलो आणि प्रत्येकात तेवढीच टीप वाचली.

एनएबीआरई (न्यू अमेरिकन बायबल, सुधारित आवृत्ती), म्हणजे अमेरिकन बिशप मंडळाचं, मान्यता वगैरे सगळं आहे. त्यातली टीप म्हणते की या ग्रीक शब्दावरून नंतर संसार झाला असं निघत नाही, आणि झाला नाही असंही निघत नाही. व्याकरण म्हणून बरोबर असेल हो, पण मग चर्च मरियेला नित्य कुमारी का म्हणतं ते त्या पोराला मी कुठून सांगू? मत्तयच्या प्रस्तावनेतही, प्रेषित मत्तयने हे शुभवर्तमान लिहिलं ही जुनी परंपरा टिकत नाही, असं सरळ लिहिलंय. अभ्यासकांना चालेल, आमच्या ग्रुपला पहिल्याच दिवशी नको.

डिडाके बायबलच्या टिपा सगळ्या कॅटेकिझमवर, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकावर, बांधलेल्या, परिच्छेदांचे नंबर देतात. कन्फर्मेशनच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी डोळे मिटून घ्या. फक्त शब्दाचा मूळ अर्थ, त्या काळची रीत असं काही शोधायला गेलात तर हाताला कमी लागतं.

इग्नेशियसची टीप वाचली आणि तिथेच पैसे भरले. ग्रीक शब्द कोणता ते सांगितलंय, तो पुढे काही बदललंच असं सुचवत नाही म्हणून २ शमुवेल ६:२३ चा दाखला दिलाय (दाविदाची बायको मीखल, तिला मरेपर्यंत मूल झालं नाही, आता मेल्यावर झालं असेल असं कोण म्हणेल!). पोराला हेच सांगितलं, हसला, आणि पटलं त्याला. तसंच मत्तय १६ मधल्या पेत्राच्या किल्ल्या, तिथून टीप थेट यशया २२ ला नेते, दाविदाच्या घराण्याची किल्ली राजाचा कारभारी एल्याकीमच्या खांद्यावर. इतकी वर्षं दोन्ही वाचलंय, पण जोडून कधी बघितलंच नव्हतं. काही टिपांच्या बाजूला छोटी चित्रं आहेत, पुस्तक असेल तर बायबलमधलेच दुवे, कबुतर असेल तर परंपरा, किल्ल्या असतील तर चर्चची शिकवण. सुरुवातीला पोरखेळ वाटला, आता नजर आधी तिकडेच जाते.

टिपा स्कॉट हान आणि कर्टिस मिच यांच्या. नवा करार २०१० मध्येच आला होता, पूर्ण बायबल यायला २०२४ उजाडलं. भाषांतर आरएसव्हीची (रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन) दुसरी कॅथलिक आवृत्ती, त्यामुळे लूक १:२८ ला "कृपापूर्ण"च आहे, आपण रोझरीत म्हणतो तसं. आणि आपल्याकडे इंग्रजी मिस्साची वाचनं २०२० पासून ईएसव्ही (इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन) या भाषांतरातून होतात, ते आरएसव्हीवरूनच केलेलं, त्यामुळे रविवारी ऐकलेलं आणि घरी वाचलेलं फार वेगळं वाटत नाही.

आता रड. दोन हजारांच्या वर पानं, मांडीवर घेऊन बसलं की पाय बधिर होतो. टिपांचा टाइप बारीक, आईने एकदा हातात घेतलं, चष्मा वर-खाली केला आणि परत दिलं, तिचं आपलं फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबलच बरं. मराठीत इतक्या टिपांचं, इतकं जाडजूड कोणी काढलं तर पहिली प्रत माझी. किंमतही आपल्या मानाने जास्तच आहे, आणि ज्याच्याकडून मागवलं त्याने नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवलं, एक कोपरा चेपलेलाच आला, फोटो पाठवले, उत्तर नाही. बजेट नसेल तर नुसता नवा करार घ्या, तो वेगळा मिळतो, हलकाही आहे.

आणि एक, आत पेनने खुणा करू नका. कागद पातळ आहे, माझी रोमकरांसची दोन पानं निळी झालीत. पेन्सिल वापरा, तीही टोक काढलेली नको.