नारिंगी बोट आणि आमचे नव्वद डॉलर

आमचे नव्वद डॉलर गेले ते जूनमधल्या एका शनिवारी, न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या अगदी दक्षिण टोकाला. पाकीट मारलं गेलं नाही, कोणी हिसकावलंही नाही. आम्ही मोजून दिले आणि वर थँक्यू म्हणालो.

आम्ही न्यू जर्सीत नणंदेकडे उतरलो होतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. मुलीने शाळेत स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा तक्ता केला होता, त्यामुळे विमानात बसल्यापासून आम्हाला माहिती पुरवणं चालू होतं: फ्रान्सने दिलेली भेट, १८८६ साली उभा राहिला, बाहेरून तांब्याचा पत्रा, आतला सांगाडा आयफेलचा, तोच टॉवरवाला. तिला पुतळा नुसता बघायचा नव्हता. पायाशी उभं राहून मान वर करून बघायचा होता. ‘पायाशी’ हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरला.

नणंदेने आठवडाभर आधी बजावलं होतं, तिकिटं ऑनलाइन काढून ठेवा. आम्ही म्हटलं, बघू. तीन वर्षांचं पोर बरोबर असलं की सकाळी दहाला निघू म्हणायचं आणि साडेअकराला एक बूट शोधत बसायचं. ठरावीक वेळेचं तिकीट काढायची छातीच होत नाही. त्या परिसरात तिकिटं विकत उभे असलेल्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते, हे नंतर कळलं.

न्यू जर्सीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलो आणि ब्रॉडवेने खाली चालत निघालो. नकाशावर अंतर किरकोळ होतं. पण वाटेत वॉल स्ट्रीटचा तो प्रसिद्ध ब्राँझचा बैल लागला, त्याच्याबरोबर फोटो काढायला ही रांग, आणि मुलाला शिंगाला हात लावल्याशिवाय हलायचं नव्हतं. पुतळ्याच्या बेटाकडे बोटी जिथून सुटतात त्या बॅटरी पार्कला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं, मुलगा बाबागाडीत बसायला तयार नव्हता, चालायलाही नव्हता, आणि नवरा एका खांद्यावर तो, दुसऱ्यावर बॅग असा चालला होता.

अशा अवस्थेत तो माणूस समोर आला. अंगात झगझगीत जॅकेट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात पुतळ्याचा फोटो असलेला लॅमिनेट केलेला नकाशा. मला तो तिथला कर्मचारीच वाटला. त्याने आधी आमच्याकडे नाही, बाबागाडीकडे पाहिलं. मग मुलीला विचारलं, लेडी लिबर्टीला भेटायला आलीस का? ती लगेच आयफेलचं सांगायला लागली. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. मग आम्हाला लांबवरची रांग दाखवली. रांग खरीच होती, तंबूच्या दारापासून वळत वळत झाडांपर्यंत आलेली. अडीच तास, तो म्हणाला, आणि मुलांना सावली नाही. आमची बोट दुसऱ्या धक्क्यावरून सुटते, रांग नाही, अर्ध्या तासात पुतळा तुमच्या समोर. मोठ्यांचे चाळीस, मुलीचे पंचवीस, धाकट्याचं काही नाही. रोख दिलेत तर सगळे मिळून नव्वद.

‘‘अगं, मुलं भाजून निघतील त्या रांगेत,’’ नवरा म्हणाला. मीही हो म्हटलं. सगळं त्याच्यावर ढकलणार नाही.

चकचकीत छापील तिकिटं मिळाली. त्यांवर पुतळा, बोट, निळं पाणी. त्याचा जोडीदार आम्हाला पाच-सात मिनिटं चालवत एका मोठ्या काचेच्या इमारतीपाशी घेऊन गेला, बाबागाडी उचलायलाही लागला. आत जा, मोठी दारं उघडली की चढा, आणि तिकिटं सांभाळून ठेवा, असं सांगून तो निघून गेला.

‘सांभाळून ठेवा’ आठवलं की अजून हसू येतं.

आतल्या दालनात शेकडो माणसं होती. सायकल घेतलेली, बाजाराच्या पिशव्या घेतलेली, कामाच्या कपड्यांतली. आपल्यासारखं टोपी-कॅमेरावालं त्यांत कमीच. दारं उघडली, सगळे आत गेले, आम्हीही गेलो. कोणी तिकीट पाहिलं नाही. नवरा ती चार तिकिटं हातात पंख्यासारखी धरून शेवटपर्यंत कोणीतरी मागेल म्हणून वाट बघत होता. तिकीट तपासणारा नाही, खिडकी नाही, फिरतं दार नाही, आणि तरी आम्हाला शंका आली नाही. मला उलट वाटलं, बघा, रांग नाही म्हणाला होता ना.

बोट भलीमोठी, नारिंगी. उजव्या बाजूला जागा मिळाली आणि थोड्या वेळाने खरोखरच पुतळा दिसायला लागला. लांब, हिरवट, उन्हात. मुलीने उड्या मारल्या. मग पुतळा बाजूला आला, मग मागे जायला लागला.

‘‘आई, बोट वळत का नाहीये?’’

वळेल, मी म्हटलं. दोनदा म्हटलं. शेजारी एक बाई चाकांची पिशवी पायांत धरून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली तिकिटं पाहिली आणि हळूच विचारलं, किती घेतले? त्या रोजच या बोटीने कामावरून घरी जात होत्या. ही स्टेटन आयलंड फेरी. शहराची, रोज जाणा-येणाऱ्यांची बोट. १९९७ पासून हिला भाडंच नाही. पुतळ्याच्या बेटावर ती थांबत नाही, कधीच थांबली नाही.

पंचवीस मिनिटांनी बोट स्टेटन आयलंडला लागली. तिथे सगळ्यांना उतरावंच लागतं. परत जायचं असलं तरी उतरून, वळसा घालून पुन्हा चढायचं. ते केलं. मुलगी गप्प होती. मुलाचा मात्र दिवस झकास गेला, त्याला दोनदा मोठी बोट मिळाली.

परत बॅटरी पार्कला येऊन नवऱ्याने त्या माणसाला शोधलं. तो नव्हता, पण तसल्याच जॅकेटातले आणखी चौघे होते, बाबागाड्यांकडे बघत. गणवेशातल्या एकाला आम्ही सगळं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला, रोख दिलेत का? आणि मान हलवली. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे तक्रार करता आली असती. ती सवलत त्यासाठीच होती.

रात्री मी त्याचं बोलणं आठवून आठवून पाहिलं. पुतळा समोर दिसेल, जवळून दिसेल, बोट पुतळ्याकडे जाते, असं तो म्हणाला होता. ‘उतराल’ असं एकदाही म्हणाला नव्हता. रांगेबद्दलही त्याने अर्धंच सांगितलं. ती रांग विमानतळासारख्या सुरक्षा तपासणीची असते आणि ती बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. ती कोणालाच टाळता येत नाही, म्हणजे ती टाळून देतो म्हणणारा तुम्हाला बेटावर नेणारच नाहीये. हे एवढं साधं त्रैराशिक उन्हात, रडणारं पोर कडेवर घेऊन सुचत नाही.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी, मला नंतर कळलेलं सांगते. बेटावर माणसं उतरवायची परवानगी एकाच फेरीला आहे, नॅशनल पार्क सर्व्हिस या अमेरिकन सरकारी खात्याने नेमलेल्या स्टॅच्यू सिटी क्रूझेसची. तिची तिकिटं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, नाहीतर पार्कातच कॅसल क्लिंटन नावाचा जुना गोल दगडी किल्ला आहे, त्याच्या आतल्या खिडकीवर. रस्त्यावर उभं राहून ती कोणी विकत नाही, जॅकेट कितीही झगझगीत असो. दर मोठ्यांना साधारण पंचवीस डॉलर, मुलांना सोळाच्या आसपास, चार वर्षांखालच्यांना काही नाही, आणि त्यातच शेजारच्या एलिस आयलंड बेटावरचं, अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांचं संग्रहालयही येतं. म्हणजे फुकटच्या बोटीसाठी आम्ही खऱ्या तिकिटांपेक्षा जास्त मोजले. पुतळ्याला लांबून वळसा घालणाऱ्या खासगी बोटीही असतात. त्या खोट्या नव्हेत, पण बेटावर उतरवत नाहीत. म्हणून कोणालाही एकच विचारा: उतरायला मिळणार का? मुकुटापर्यंत चढायचं असेल तर त्याचं तिकीट वेगळं आणि बरंच आधी काढावं लागतं. १६२ पायऱ्या आहेत आणि ४२ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना सोडत नाहीत. आणि फक्त बोटीतून पुतळा बघणं पुरेसं असेल, तर ती नारिंगी फेरी खरंच सुंदर आहे. फक्त तिचे पैसे कोणाला देऊ नका.

सगळ्यात झोंबलं ते नणंदेने जेवताना सांगितलेलं. तीच अधिकृत फेरी न्यू जर्सीच्या बाजूनेही सुटते, जर्सी सिटीतल्या लिबर्टी स्टेट पार्कमधून. तिच्या घरापासून गाडीने वीस मिनिटं. आम्ही नदी ओलांडून फसायला गेलो होतो.

पुढच्या गुरुवारी तिथून गेलो. तिकिटं आधी काढलेली, सकाळची वेळ, तपासणीला जेमतेम पंधरा मिनिटं. मुलगी पायाशी उभी राहून मान दुखेपर्यंत वर बघत राहिली. मुलगा बेटावर पाय ठेवल्यापासून परत बोटीत बसेपर्यंत बाबागाडीत झोपला होता.

ती चार चकचकीत तिकिटं मी टाकणार होते, पण मुलीने ठेवून घेतली. आता घरी आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले की ती गळ्यात शाळेचं ओळखपत्र घालून त्यांच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, ‘‘आजोबा, नो लाइन! फक्त कॅश!’’