परदेशी बॉक्सिंगचा पास : वजन होईस्तोवर पैसे भरू नका

पाचपैकी अडीच तारे. नुसत्या चित्राला चार देता आले असते, पैशाच्या व्यवहाराला एकच. दोन्ही मिळून अडीच.

परदेशातल्या बॉक्सिंगच्या लढती एका रात्रीचा पास घेऊन ज्या ॲपवर पाहतो, त्याचं नाव लिहीत नाही. या धंद्यातल्या सगळ्यांच्या अटी उन्नीस-बीस सारख्याच आहेत, आणि मला कोणाशी भांडायचंही नाही. माझ्यासारखा खेड्यात बसून हेवीवेट बॉक्सिंग पाहणारा जो कोणी असेल, त्याला एवढंच सांगायचंय की पैसे कधी भरायचे. असे लोक आहेत राजेहो, हसू नका. आमच्या वरुड तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका गावात, आम्ही चांगले पाच-सहा जण आहोत. मी शाळेत पी.टी. शिकवतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकायला होतो, तिथं पहिल्यांदा हातात ग्लोव्ह्ज चढवले आणि तेव्हापासून हा नाद लागला. बाकीच्यांना माझ्यामुळं लागला, असं त्यांच्या घरच्या बाया म्हणतात.

शहरातल्या माणसाला या लढतींची वेळ जाचते. रियाधचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं, लंडनचं उन्हाळ्यात साडेचार तास. म्हणजे तिकडं रात्रीची मुख्य लढत सुरू झाली की इकडं कोंबडं आरवायला थोडाच वेळ उरलेला असतो. लास वेगासची लढत आपल्याकडं रविवारी सकाळी पोहे खाताना दिसते, तेवढी सोय. आम्हाला मात्र जागरणाचं काही वाटत नाही. शेतीपंपाची लाइन रात्रीच्या पाळीत असली की अर्धं गाव तसंही ओलितासाठी वावरात असतं. दांड फोडून यायचं, छपरीत टीव्हीसमोर दोन फेऱ्या पाहायच्या, बॅटरी घेऊन परत जायचं.

आधी चांगलं सांगतो. चित्र झकास आहे. फोनवरून टीव्हीवर टाकायला पुतण्याला पाच मिनिटं लागतात, मला लागत नाहीत कारण मी त्यालाच बोलावतो. गावातलं नेट रात्री मोकळं असतं, त्यामुळं अडकत नाही. लाइन गेली तर फोनवर चालू राहतं, आणि लाइन आल्यावर जिथं सोडलं तिथून मागं जाऊन पाहता येतं. टायसन फ्युरी आणि ओलेक्सांद्र उसिकची १८ मे २०२४ ची लढत आम्ही याच ॲपवर पाहिली. मे महिना, रात्रीही अंगाला चटके, कूलर छपरीत ओढून आणला होता. नवव्या फेरीत फ्युरी दोरांना धडकत गेला आणि पंचानं आकडे मोजले, तेव्हा शेजारचे काका कूलरच्या पाण्यात पाय देऊन उभे झाले. दोन पंचांनी उसिकला दिली, एकानं फ्युरीला. उसिककडं सगळे पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांची जगज्जेतेपदं, एकत्र आली. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसनं ती एकत्र केली होती, त्यानंतर हेवीवेटमध्ये हे पहिल्यांदाच झालं. त्या रात्रीचे पैसे वसूल. त्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही.

पण ती लढतही मुळात १७ फेब्रुवारीची होती. पंधरा दिवस आधी सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर चिरा पडला आणि तारीख तीन महिने पुढं गेली. तारीख पुढं जाणं हे काही मोठं दुखणं नाही. पास तसाच राहतो, माणसं तीच राहतात. १९७४ साली किन्शासात अली आणि फोरमनचंही हेच झालं होतं. २५ सप्टेंबरची लढत फोरमनच्या डोळ्यावरच्या जखमेनं ३० ऑक्टोबरवर गेली, आणि त्या रात्री आठव्या फेरीत अलीनं फोरमनला कसं झोपवलं हे ज्याला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही त्यालाही ठाऊक असतं. माइक टायसनचंही तसंच. २० जुलै २०२४ ची लढत त्याच्या पोटातल्या अल्सरमुळं १५ नोव्हेंबरला झाली. ती मला आवडली नाही ती वेगळी गोष्ट, त्याच रात्री आपला नीरज गोयत जिंकला तेवढं समाधान.

दुखणं वेगळ्या जागी आहे, आणि ते आम्हाला फेब्रुवारी २०२५ मध्ये लागलं.

२२ तारखेला रियाधमध्ये डॅनियल डुबॉ आणि जोसेफ पार्करची लढत ठरलेली. डुबॉ म्हणजे ज्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्बलीला अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं तो. आमच्यात त्याचे भक्त झाले होते. ॲपनं लवकर घेणाऱ्याला सवलत लावली होती, म्हणून आम्ही कॉन्ट्री काढून महिनाभर आधीच पास घेतला. आंबिया बहाराचा ताण तोडून पाणी सुरू केलेलं, लाइन रात्रीची, सगळं जुळून आलेलं. आणि लढतीच्या दोन दिवस आधी डुबॉ आजारी पडून बाहेर. त्याच्या जागी मार्टिन बाकोले. दोन दिवसांच्या निरोपावर आलेला, तीनशे पौंडांच्या वरचा माणूस.

ॲपनं काय करावं? काही नाही. ना मेसेज, ना सूचना. पडद्यावरचा फोटो तेवढा बदलला. शेजारच्या काकांना त्यातलं काही माहीत नव्हतं. ते वावरातून आले, रिंगणात पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हा तं तो पोट्टा नोय. हा कोन आनला?"

मी सांगितलं.

"मंग पैसे वापस भेटतीन का?"

नाही भेटत. आणि हाच या परीक्षणाचा गाभा आहे. पार्करनं बाकोलेला दुसऱ्या फेरीतच बसवलं, काकांचा चहा निवायच्या आत. सकाळी मी ॲपच्या मदतीच्या खिडकीत तक्रार टाकली. आधी यंत्र बोललं, मग माणूस बोलला, दोघांनी एकच सांगितलं: कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला, कार्डात, म्हणजे त्या रात्रीच्या लढतींच्या यादीत, बदल होऊ शकतो हे अटींमध्ये लिहिलेलं आहे, म्हणून परतावा नाही. अटी काढून पाहिल्या. लिहिलेलं आहे. बारीक अक्षरात, पण आहे. कार्यक्रमच रद्द झाला तर पैसे परत, माणूस बदलला तर नाही.

आता कोणी म्हणेल, असं तर कुठल्याही वजनात होतं. होतं, पण इतकं सहज होत नाही. खालच्या वजनात बदली माणूस आणायचा तर त्याला ठरलेल्या काट्यावर उतरावं लागतं. दोन दिवसांत कोण सात-आठ किलो उतरवणार? त्यामुळं तिथं पुष्कळदा लढतच मोडते आणि मग निदान पैशाचा विषय तरी निघतो. हेवीवेटला खालची हद्द आहे, दोनशे पौंड म्हणजे नव्वद किलोच्या वर, पण वरची हद्दच नाही. कितीही वजनाचा गडी ऐनवेळी विमानात बसवता येतो. म्हणून हेवीवेटची रात्र सहसा रद्द होत नाही. रद्द होतो तो तुम्ही पैसे भरलेला सामना, आणि त्याची कुठं नोंद होत नाही.

उदाहरणं हवी तेवढी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनला जोशुआ आणि डिलियन व्हाइट. आठवडाभर आधी व्हाइटच्या उत्तेजक औषधांच्या चाचणीत गडबड निघाली (पुढं तो त्यातून सुटला). बदली आला रॉबर्ट हेलेनियस, जो त्याच आठवड्यात फिनलंडमधल्या एका किल्ल्यात दुसरी लढत खेळून मोकळा झाला होता. सातव्या फेरीत संपला. २०१७ मध्ये डिऑन्टे वाइल्डरसमोर लुईस ऑर्टिझ यायचा होता, चाचणीत अडकला, बर्मेन स्टिव्हर्न आला आणि पहिल्याच फेरीत आडवा. त्याच वर्षी कार्डिफला जोशुआसमोर यायच्या पुलेव्हचा खांदा गेला, ताकाम आला. फ्युरी आणि क्लिच्कोची परतीची लढत तर २०१६ मध्ये आधी फ्युरीच्या घोट्यामुळं पुढं गेली आणि नंतर झालीच नाही.

आणि काही वेळा दुखापतही नसते, कागद असतो. १४ ऑगस्ट २०२१ ला सौदीत फ्युरी आणि जोशुआ, असं फ्युरीनं स्वतः जाहीर केलं, आणि लगेच लवादानं सांगितलं की वाइल्डरशी तिसरी लढत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. झालं. वाइल्डरची तरी वेळेवर व्हावी, तीही फ्युरीच्या छावणीत कोरोना शिरल्यानं जुलैवरून ऑक्टोबरवर गेली. झाली तेव्हा मात्र असली लढत झाली की बस. दोघंही पडले, दोघंही उठले, अकराव्या फेरीत निकाल.

यात्रेतल्या कुस्तीच्या दंगलीत जोड मोडली तर लोक आखाड्याकडं पाठ करून मोतीचूर खायला जातात, कारण आधी कोणी काही भरलेलं नसतं. इथं पैसे आधी गेलेले असतात, म्हणून बसावं लागतं.

बदली माणूस नेहमी वाईटच असतो असं मात्र मी म्हणणार नाही. १ जून २०१९, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जोशुआसमोर जॅरेल मिलर यायचा होता. चाचण्यांमध्ये एक नाही, तीन-तीन औषधं निघाली. त्याच्या जागी अँडी रुइझ आला, पोट सुटलेला, पाहून कोणी म्हणणार नाही की हा लढतो. तिसऱ्या फेरीत आधी तोच पडला. उठला आणि त्याच फेरीत जोशुआला दोनदा पाडलं. सातव्यात आणखी दोनदा, आणि पंचानं थांबवलं. मी शाळेतल्या पोरांना ती फेरी दाखवतो, हातांचा वेग कसा असतो ते कळावं म्हणून. मिलर स्वच्छ असता तर ही रात्र जगाला मिळालीच नसती. त्यामुळं बदली माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की निवड माझ्याकडं ठेवा. दोन नावांपैकी एक जरी गळालं तरी घेणाऱ्याला एक दिवसाची मुभा द्या, नको असेल तर पैसे परत. रुइझ पाहायचा असेल तो थांबेल.

न्यायानं हेही सांगायला पाहिजे की त्या फेब्रुवारीच्या रात्री बाकीचं कार्ड दांडगं होतं. आगित कबायेल पाचव्या फेरीत पडला आणि सहाव्यात त्यानंच धिप्पाड झँग झिलेईला पोटातल्या ठोशानं गुडघ्यावर आणलं. शेवटी बिवोल आणि बेतरबियेव, बारा फेऱ्या, एका क्षणासाठी उठावंसं वाटलं नाही. पानठेलेवाला तर म्हणाला, "डुबॉ गेला तं गेला, आपले पैसे फिटले." काका आजही मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, मी वाण्याकडं तूर मागितली आणि त्यानं चना दिला, चना चांगला असला म्हणून काय झालं. दुपारी दुबईत भारत-पाकिस्तान होता, कोहलीनं शतक ठोकलं, तेव्हाही ते मधूनच डुबॉचा विषय काढत होते.

इंग्रजी समालोचनाशिवाय पर्याय नाही. मला चालतं, काकांना आवाज बंद करून पाहणं बरं वाटतं. फेऱ्यांमधल्या जाहिराती कमी आहेत. जुन्या लढतींचा साठा मोठा आहे, पण शोधायची खिडकी नुसती नावं ओळखते, वर्ष टाकलं तर काहीच दाखवत नाही.

तर माझं सांगणं असं. लवकरच्या सवलतीकडं पाहू नका. हेवीवेटमध्ये सरावातल्या जखमा, चाचण्यांचे निकाल, आजारपण, सगळं शेवटच्या काही आठवड्यांत बाहेर येतं. लढतीच्या आदल्या दिवशी वजनं होतात, आणि ती बहुधा फुकट दाखवतात. हेवीवेटच्या वजनाला तसा अर्थ नाही, काट्यावर कोणी नापास होत नसतं. पण दोन्ही माणसं तिथं उभी आहेत, धडधाकट दिसताहेत, एवढं डोळ्यांनी पाहता येतं. ते पाहूनच पैसे भरा. सवलतीचे शे-दोनशे गेले तर जाऊ द्या.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. एका रात्रीचा पास घेताना महिन्याची वर्गणीही गुपचूप गळ्यात पडते. खूण आधीच केलेली असते, ती काढायची राहिली की पुढच्या महिन्यात आपोआप पैसे कापले जातात. ॲपमधून बंद करायला गेलात तर चार पडदे फिरवतात. त्यापेक्षा यूपीआयच्या ॲपमध्ये जा, तिथं ऑटोपे नावाचा भाग असतो, त्यात चालू असलेल्या परवानग्यांची यादी दिसते. तिथूनच रद्द करा. पास त्या रात्रीपुरता तरीही चालतो.