मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढून घेताना

माझा तानपुरा गेल्या पावसाळ्यापासून मुका झाला होता. तारा वाजत होत्या, पण खर्जाच्या, म्हणजे सर्वात खालच्या सुराच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू यायला हवा, तो येत नव्हता. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, सरसकट घासून दिली आणि वाद्य नुसते करकरू लागले, तेव्हा जवारी, म्हणजे तारांचा नाद खुलावा म्हणून घोडीच्या माथ्याची केलेली नेमकी घासणी, नीट काढून घ्यायला अखेर मिरजेची सतारमेकर गल्ली गाठली.

दुकान अरुंद आहे. वर कडू भोपळे टांगलेले आणि खाली लाकडाचा भुसा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची पाटीही इथे दिसली नाही. कारागिरांनी आल्याआल्या कानस उचलली नाही. "यावर कोण गातं, आणि कोणत्या पट्टीत?" एवढेच त्यांनी विचारले. काळी चार म्हटल्यावर तारा सैल केल्या, घोडी उजेडाकडे तिरपी धरली आणि तारांनी पाडलेल्या खाचांवरून नख फिरवले.

घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी किंचित उतार असतो, कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच स्पर्श करत राहते आणि त्यातून वरचे स्वर फुटतात, एवढे मलाही वाचून माहीत होते. प्रत्यक्षात मात्र दोन-चार हात कानस मारायची, तार चढवून ऐकायचे, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा आणि पुन्हा ऐकायचे, असे तीन तास चालले होते, आणि त्यातला बहुतेक वेळ ऐकण्यातच गेला. मधल्या जोडीच्या तारा बोलू लागल्यावर मी खर्ज आणखी थोडा उघडायला, म्हणजे मोकळा वाजता करायला सांगितला, तर त्यांनी कानस खाली ठेवली. "ताई, ही तार महिन्याभरात आपोआप उघडेल. आत्ता घासली तर तेव्हा करकरेल." माझ्या कानाला त्या क्षणी हे पटले नव्हते.

गैरसोयी आहेतच. वेळ ठरवून मिळत नाही, फोन क्वचितच उचलला जातो आणि पावती मागितल्यावर कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून मिळतो. जवारीचे आठशे रुपये झाले, तारांचे पैसे वेगळे.

आता महिना उलटला आहे. खर्ज उघडला, त्यातला गंधारही येतो. पंचमाची तार मात्र अजून जराशी बसकी वाटते, त्यामुळे दिवाळीनंतर पुन्हा एक फेरी होईल.