पहिली फ्लाय कोणती बांधावी: वुली बगर की एल्क हेअर कॅडिस?

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं माशांसाठीचं नकली आमिष. शिकायला वुली बगरच घ्या. ८ नंबरचा लांब दांडीचा गळ हातात नीट दिसतो (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे आधी लक्षात ठेवा). माराबूची (मऊ, फुललेल्या पिसाची) शेपटी दांडीइतकीच लांब ठेवा. जास्त लांब ठेवली की ती गळाभोवती गुंडाळते आणि मासा नुसतीच शेपटी ओढून सुटतो. वर शेनिल (लवदार जाड धागा), त्यावर मोकळ्या वेढ्यांनी हॅकल (कोंबड्याचं पीस). बहुतेकांची चूक एकच: साहित्य नेढ्यापर्यंत ठासून भरतात, मग शेवटच्या गाठीला जागा उरत नाही. पुढचे २ मिलिमीटर पहिल्यापासून मोकळे सोडा.

कॅडिस १४ नंबरच्या गळावर बांधतात, आणि तिथे खरी परीक्षा पंखासाठी लावायच्या एल्क हरणाच्या केसांची. मुळाशी असलेली बारीक लव विंचरून काढली नाही, तर दोऱ्याला पकड मिळत नाही. पहिले दोन वेढे सैल घ्या, मग चिमटीत केस घट्ट धरूनच दोरा ताणा. चिमूट ढिली पडली की केस दांडीभोवती फिरतात आणि पंख एका अंगाला कलतो.

पाण्यातही हाच फरक. बगर १०-१५ सेंटिमीटरच्या झटक्यांनी ओढा किंवा प्रवाहात सोडून द्या, दोन्ही चालतं. कॅडिस मात्र बहुधा प्रवाहाच्याच वेगाने तरंगायला हवी. लाइनने ओढून पाण्यावर रेघ उमटली, की सावध ट्राउट तिच्याकडे फिरकत नाही. पण मासा पृष्ठभागावर येऊन ती उचलताना दिसतो, आणि त्या क्षणासाठी ही मेहनत घ्यावीच. पाच-सहा बगर बांधून झाल्यावर.