कडबा की लसूणघास, खोली की पडवी: सोलापुरात घोडा पाळताना

अकलूजच्या दिवाळीतल्या बाजारातून घोडा आणा, नाहीतर पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी आणा, पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले कानावर येतात. गावातले जाणते म्हणतात, कडबा, हरभऱ्याची चंदी (म्हणजे धान्याचा खुराक) आणि आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या दोऱ्या, बांधून दावणीला उभा करा. रेसच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखलेला मोतद्दार म्हणतो, ओट, लसूणघास आणि बारा बाय बारा फुटांची स्वतंत्र खोली. माझ्या पागेत दोन्ही प्रकारची जनावरं राहिली आहेत. यातली कुठलीच पद्धत अख्खीच्या अख्खी उचलू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी पोटाचं बघू. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. ५०० किलोच्या घोड्याचं जठर ८ ते १५ लिटरचं असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास झरत राहतं. आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. गव्हाण रिकामी राहिली की जठराचं अस्तर सोलवटायला लागतं. भरधाव दौडताना पोटावर दाब येऊन हे आम्ल जठराच्या वरच्या नाजूक भागावर उसळतं, म्हणूनच शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण इतके सर्रास दिसतात. त्यामुळे वैरण हेच मुख्य जेवण. घोड्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ५०० किलोला साडेसात किलो कोरडी वैरण रोज हवी, आणि तीही चार-पाच वेळा विभागून.

इथे कडबा आपल्याला साथ देतो. मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीचा पानांनी भरलेला कडबा घोडा तासन् तास चावत बसतो. प्रथिनं मात्र त्यात फारच कमी, रोज घाम गाळणाऱ्या घोड्याला नुसत्या कडब्यावर अंग धरता येत नाही. लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. ते कॅल्शियम आम्लाची धारही कमी करतं, म्हणून स्वारीआधी घासाची एक लहान पेंढी द्यायची सवय मी लावून घेतली आहे. पण नुसत्या घासावर घोडा ठेवला तर जास्तीची प्रथिनं मुतावाटे बाहेर पडतात, पागेत अमोनियाचा उग्र वास कोंडतो आणि त्रास फुप्फुसांना होतो. मी दोन भाग कडब्याची कुट्टी आणि एक भाग वाळवलेला घास देतो. कुट्टीची मूठ नाकाशी धरून बघा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली, तर ती कुट्टी बाजूला काढा. चांगली कुट्टीसुद्धा पाणी शिंपडून द्यावी. हिरवी, कोवळी किंवा पावसाअभावी खुरटलेली ज्वारी घोड्याला कधीच नको, त्यात सायनाइडचं विष तयार होतं. नेपियर गवत बांधावर फुकट मिळालं, तरी रोज तेच देऊ नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं कमजोर होतात.

चंदीत ओट आणि हरभरा समोरासमोर ठेवले, तर पळणाऱ्या घोड्यासाठी मी ओट निवडेन. त्याचा स्टार्च लहान आतड्यातच चांगला पचतो. मका किंवा ज्वारीचा न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्यातून पोटशूळ होतो, कधी खुरांचा दाह होऊन घोडा कायमचा लंगडतो. ओट बाहेरून आणावा लागतो आणि महाग पडतो. वरातीच्या किंवा हौसेच्या घोड्याला भरडून भिजवलेला हरभरा थोड्या प्रमाणात पुरतो. धान्य कुठलंही असो, एका वेळी दोन किलोच्या आतच. एका पावसाळ्यात सलग सुट्टीच्या दिवसांतही मी घोडीची चंदी कमी केली नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती खुरांनी जमीन उकरू लागली, वळून वळून कुशीकडे बघू लागली, अंगाला गार घाम सुटला. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं, तोवर मध्यरात्र झाली होती. तेव्हापासून काम नसेल त्या दिवशी चंदी निम्मी, वैरण पूर्ण.

जास्त ताकद हवी असेल तर धान्य वाढवण्यापेक्षा करडईचं तेल हळूहळू वाटीभरापर्यंत न्या. गव्हाचा कोंडा जपून द्या, त्यात फॉस्फरस जास्त असतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो: गाईंची किंवा कोंबड्यांची पेंड घोड्याला घालू नका. अशा काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाय ते पचवते, घोड्याचं मात्र हृदय त्याने निकामी होतं.

पागेच्या बाबतीत मी रेसच्या तबेल्यापेक्षा आपल्या पडवीच्या बाजूचा आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या बंद खोलीत घोडा उकडून निघतो. उंच छत, दोन बाजू मोकळ्या आणि पत्र्यावर पाचट टाकलेलं, एवढं पुष्कळ झालं. आगाडी-पिछाडी मात्र सोडून द्या. मान वर बांधून ठेवलेल्या घोड्याच्या श्वासनलिकेतला कफ खाली उतरत नाही, म्हणून वैरण जमिनीलगतच्या गव्हाणीत द्यावी आणि घोडा आत सुटा ठेवावा. मातीवर टाकून देऊ नका, वाळू पोटात साठते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या चिखलात खूर सडतात, तेवढ्यासाठी मुरमाची उंच जागा करा. लीद दिवसातून दोनदा उचला. घोड्याच्या नाकाच्या उंचीवर वाकून श्वास घेऊन बघा, डोळे चुरचुरले तर त्याच्याही छातीला तेच होत असणार. पाणी रोज ३० ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त, आणि खड्याचं मीठ कायम समोर.

रोज दौडवणार असाल तर ओट आणि घासाचा खर्च गृहीत धरूनच घोडा घ्या. आठवड्यातून दोनदा फेरी मारणार असाल तर कडबा, थोडा घास आणि मोकळी पडवी एवढ्यावर तो ठणठणीत राहील. रेसकोर्सवरून आलेली घोडी मात्र पहिल्या दिवशी कडब्यावर टाकू नका. जुन्या खाद्यात रोज थोडं थोडं नवं मिसळत दोन आठवडे घ्या, आणि त्या काळात लीद रोज स्वतः बघा.